मुंबई–लंडन : ठरलेले अंतर, बदलता वेळ

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधले हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीचा आकार आणि दोन्ही शहरांची जागा यांनी ते कायमचे ठरवून टाकले आहे. विमान कोणतेही असो, ऋतू कोणताही असो, त्यात फरक पडत नाही. हे अंतर कापायला लागणारा वेळ मात्र गेल्या दोनशे वर्षांत महिन्यांवरून दिवसांवर आणि दिवसांवरून तासांवर आला. आजही तो स्थिर नाही. जाताना एक, येताना दुसरा. जानेवारीत एक, जुलैत दुसरा. वाटेवरच्या देशांत शांतता असताना एक, युद्ध पेटल्यावर दुसरा. अंतर ठरवायला भूमिती पुरते. वेळ ठरवताना वारा, यंत्र, कायदा आणि देशादेशांतले संबंध या सगळ्यांचा हात असतो. या व्याख्यानात हा एकच मार्ग समोर ठेवून या गोष्टींचा क्रमाने विचार केला आहे.

१. अंतर कसे मोजतात

मुंबईचा विमानतळ साधारण १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१ अंश २८ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ० अंश २७ मिनिटे पश्चिम रेखांशावर आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन ठिकाणांपर्यंत दोन रेषा काढल्या, तर त्यांच्यामधला कोन गोलीय त्रिकोणमितीने जवळजवळ ६४.९ अंश येतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका अंशाचा कंस सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की ७,२०० किलोमीटरच्या किंचित वरचा आकडा मिळतो. वैमानिक आणि खलाशी हेच अंतर सागरी मैलांत सांगतात. एका अंशात ६० सागरी मैल आणि एका सागरी मैलात १.८५२ किलोमीटर, या हिशेबाने ते सुमारे ३,८९० सागरी मैल होते. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवांशी ६,३५७ किलोमीटर आहे. त्यामुळे काटेकोर गणितात थोडाफार फरक पडतो, पण प्रवाशाच्या दृष्टीने तो नगण्य आहे.

गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्तावरून जातो. ज्या वर्तुळाचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते ते बृहद्‌वृत्त. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर धरून दोरा ताणला की हा मार्ग डोळ्यांना दिसतो. मुंबईहून दोरा वायव्येकडे निघतो आणि सिंध व बलुचिस्तानवरून पूर्व इराणमध्ये शिरतो. पुढे उत्तर इराण आणि कॅस्पियन समुद्राची नैर्ऋत्य कड ओलांडून तो आर्मेनिया व जॉर्जिया यांच्या सीमेजवळ पोचतो. निम्मी वाट तिथे सरते. मग काळा समुद्र, पश्चिम युक्रेन, दक्षिण पोलंड, जर्मनी, बेल्जियम-नेदरलँड्सचा सीमाभाग आणि शेवटी इंग्लंड. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती वेगळ्याच वाटेने जाते. अरबी समुद्र, दक्षिण इराण, तुर्कस्तान असा तिचा रोख असतो आणि पृथ्वीवर प्रत्यक्ष मोजली तर ती सुमारे २०० किलोमीटरने लांब भरते. होकायंत्राची एकच दिशा धरून जाण्याची सोय ही वाट देते, पण ती सर्वांत जवळची नाही.

हा दोऱ्याचा मार्ग म्हणजे आदर्श. प्रत्यक्ष विमान त्यावरून क्वचितच जाते. ते का, हे पुढे येईलच.

२. महिन्यांपासून दिवसांपर्यंत

शिडाच्या जहाजांच्या काळात मुंबई-लंडन प्रवास आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून होत असे. ही समुद्री वाट सुमारे २०,००० किलोमीटरची होती आणि तिला कित्येक महिने लागत. वारा पडला की जहाज थांबे. पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत वर्षाचा बराच भाग निघून जाई.

पहिली मोठी बचत वाफेने केली आणि तिची सुरुवात मुंबईतच झाली. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि सुमारे महिनाभरात सुएझला पोचली. त्या महिन्यातला बराच काळ वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात गेला. पुढे सुएझहून जमिनीवरून कैरो व अलेक्झांड्रिया गाठायचे आणि भूमध्य समुद्रातून दुसऱ्या जहाजाने युरोपात जायचे, अशी वाट रुळली. टॉमस वॅगहॉर्न या इंग्रज अधिकाऱ्याने ती टपालासाठी बसवून दिली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि समुद्री अंतर सुमारे ११,६०० किलोमीटरवर आले. घाईचे टपाल इटलीतल्या ब्रिंदिसी बंदरापर्यंत रेल्वेने जाई आणि तिथून बोटीवर चढे. ज्यूल व्हर्न यांच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीत लंडन ते सुएझ ७ दिवस आणि सुएझ ते मुंबई १३ दिवस असा हिशेब दिला आहे. तो त्या काळच्या खऱ्या वेळापत्रकांना धरून होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विलायतेला जाणारा मराठी विद्यार्थी मुंबईच्या बॅलार्ड पियर धक्क्यावर बोटीत बसे आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी लंडनला उतरे. एका पिढीचे शिक्षण, वकिली आणि राजकारण याच गतीने चालले.

३. दिवसांपासून तासांपर्यंत

इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातली पहिली नियमित हवाई सेवा इम्पिरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी सुरू केली. ती कराचीपर्यंतच होती आणि तिला ७ दिवस लागत. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानाने बाझेल, तिथून रेल्वेने जिनोआ, मग उडत्या नौकेने अलेक्झांड्रिया, पुन्हा रेल्वेने कैरो आणि पुढे बगदाद, बसरा, जास्क, ग्वादर असे थांबे घेत कराची, असा तो प्रवास होता. विमाने रात्री उतरत, प्रवासी मुक्काम करत आणि सकाळी पुन्हा निघत.

कराचीला आलेले टपाल मुंबईला आणण्याचे काम जे. आर. डी. टाटांनी हाती घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते एकट्याने पुस मॉथ जातीचे छोटे विमान चालवत कराचीहून निघाले, अहमदाबादला इंधन घेतले आणि दुपारी जुहूच्या धावपट्टीवर उतरले. तिथून पुढे नेव्हिल व्हिंटसेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूची जमीन मातीची होती. पावसाळ्यात ती चिखलाने भरे, म्हणून त्या महिन्यांत विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. इतक्या साध्या साधनांनी सुरू झालेली ही सेवा सोळा वर्षांत थेट लंडनला पोचली, ही या देशाच्या उद्योग-इतिहासातली अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून ३५ प्रवासी घेऊन निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून लंडनला गेले. ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाच्या या चार पंख्यांच्या विमानाने प्रवास साधारण एका दिवसावर आणला. सुएझ कालव्याने जवळजवळ निम्मे केलेले अंतर आणि विमानाने पंधरापटीने कमी केलेला वेळ, या दोन घटनांमध्ये जेमतेम ऐंशी वर्षे गेली.

या प्रगतीची किंमतही मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे जाताना आल्प्समधल्या मों ब्लां पर्वतावर आदळले. विमानातले सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान त्याच पर्वतावर कोसळले. त्या वेळी ११७ जण गेले आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. या दुसऱ्या अपघाताच्या तपासातून दिसले ते अंतराच्या विषयाशी थेट निगडित आहे. विमानातले दिशादर्शक संदेश घेणारे एक यंत्र बंद होते आणि आपण डोंगररांग ओलांडली आहे असा वैमानिकाचा समज झाला होता. जमिनीवरच्या रडार नियंत्रकाने मों ब्लां अजून पाच मैल पुढे असल्याचे कळवले, पण त्या सूचनेचा अर्थ वैमानिकापर्यंत नीट पोचला नाही. सात हजार किलोमीटरच्या प्रवासात पाच मैलांचा गैरसमज इतका महाग पडला. आज विमानाला आपली जागा उपग्रहांच्या संदेशांवरून काही मीटरांपर्यंत अचूक कळते आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा यंत्र स्वतः देते. या सुधारणांमुळे वेळ फारसा वाचला नाही, पण असंख्य माणसे वाचली.

४. वेग का वाढेनासा झाला

१९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने मुंबई-लंडन मार्गावर आली आणि प्रवासाचा वेळ पुन्हा निम्म्याच्या आसपास उतरला. त्यांचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरात होता. आजच्या बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० विमानांचा वेगही तेवढाच आहे. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, पण प्रवासी विमाने वेगवान झाली नाहीत.

याचे कारण ध्वनीच्या वेगात आहे. समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस तापमानात ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे तो ताशी सुमारे १,०६० किलोमीटरवर येतो. विमान या वेगाच्या ८५ टक्क्यांपर्यंत गेले की पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा काही भाग ध्वनीवेग ओलांडतो, आघाततरंग तयार होतात आणि हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. त्यापुढे थोडासा वेग मिळवायलाही भरमसाट इंधन जाळावे लागते. ताशी ९०० किलोमीटरचा आकडा इथून आला.

ही भिंत ओलांडण्याचा एकच मोठा प्रयोग प्रवासी सेवेत टिकला. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे काँकॉर्ड २१ जानेवारी १९७६ पासून लंडन-बहारीन मार्गावर धावू लागले. त्याच वेगाने मुंबई गाठता आली असती तर प्रवास चार-पाच तासांत झाला असता. पण ध्वनीवेगापुढे गेलेल्या विमानाचा गडगडाट जमिनीपर्यंत पोचतो, आणि मुंबई-लंडन वाट बव्हंशी लोकवस्तीच्या जमिनीवरून जाते. इंधनाचा खर्चही अवाढव्य होता. २४ ऑक्टोबर २००३ रोजी काँकॉर्डची प्रवासी सेवा संपली.

वेग थांबला, तरी वेळ आणखी थोडा उतरला, कारण थांबे गेले. कैरो, बैरूत, जिनिव्हा यांसारख्या ठिकाणी उतरून इंधन भरण्याची गरज मोठ्या पल्ल्याच्या विमानांनी संपवली. आज मुंबईहून निघालेले विमान एका उड्डाणात लंडनला पोचते. याच क्षमतेवर सिंगापूर-न्यूयॉर्क हा सुमारे १५,३०० किलोमीटरचा मार्ग अठरा तासांहून अधिक वेळ न थांबता पार केला जातो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणले, तेही उत्तर ध्रुवाजवळून, म्हणजे बृहद्‌वृत्ताच्याच वाटेने.

५. वाऱ्याचा हिशेब

मुंबईहून लंडनला जायला साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात. परतताना साधारण नऊ तास पुरतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असे होते, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडत असते. खरे कारण जेट प्रवाह हे आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात आणि त्याच्या कडेला, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांचे मोजमाप केले होते. त्यांनी आपला अहवाल एस्परांतो या कृत्रिम भाषेत छापला, तो फारसा कोणी वाचला नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानकडे जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हे वारे नव्याने अनुभवावे लागले.

साधे गणित असे. अंतर ७,२०० किलोमीटर आणि हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर शांत हवेत ८ तास लागतील. आता सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा पश्चिमेकडून वाहतो असे धरू. जाताना जमिनीच्या संदर्भातला वेग ८२० होईल आणि ८ तास ४७ मिनिटे लागतील. येताना तो ९८० होईल आणि ७ तास २१ मिनिटे लागतील. फरक जवळजवळ दीड तासाचा. दोन्ही मिळून १६ तास ८ मिनिटे होतात, म्हणजे शांत हवेतल्या १६ तासांपेक्षा ८ मिनिटे जास्त. जाताना गमावलेले येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते. नदीच्या प्रवाहाविरुद्ध जाऊन परत येणाऱ्या पोहणाऱ्याचा हिशेब हाच असतो.

म्हणून उड्डाणाची आखणी करणारे अधिकारी रोज वाऱ्याचे ताजे अंदाज पाहून मार्ग आणि उंची ठरवतात. अंतराने शंभर किलोमीटर लांब असलेली वाट वेळेने जवळची ठरू शकते.

६. आकाशातल्या सीमा

वरच्या गणितात आठ-पावणेनऊ तास आले, तर प्रत्यक्षात साडेनऊ-दहा का लागतात? उड्डाण, चढण, उतरण आणि वळणे यांचा काही वाटा त्यात आहे. मोठा वाटा मात्र वाटेचा आहे. शिकागो येथे ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौम हक्क दिला. परदेशी विमानाला त्या आकाशातून जायचे तर परवानगी लागते आणि मार्गशुल्क द्यावे लागते. परवानगी नाकारली की वळसा अटळ.

दोऱ्याच्या वाटेवरचे देश पुन्हा पाहिले, तर तिची आजची अवस्था कळते. पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी हवाई हद्द बंद केली आणि ती १६ जुलै २०१९ रोजी पुन्हा पूर्ण खुली केली. २४ एप्रिल २०२५ पासून ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराण आणि इराक यांची आकाशेही काही दिवस बंद होती. अशा वेळी मुंबईचे विमान अरबी समुद्रावरून ओमान किंवा आखाती देश, सौदी अरेबिया, तुर्कस्तान किंवा इजिप्त आणि पुढे बाल्कन देश अशी जी वाट खुली असेल ती धरते. मुंबई समुद्राकाठी असल्याने तिला हा वळसा तुलनेने सोपा जातो. दिल्लीच्या विमानांना आधी दक्षिणेला उतरून मग पश्चिमेला वळावे लागते आणि त्यांचा वेळ जास्त वाढतो.

या वळशाचा भार मोजता येतो. ७८७ जातीचे विमान ताशी साधारण पाच टन इंधन जाळते. अर्ध्या तासाचा वळसा म्हणजे अडीच टन इंधन आणि त्यातून हवेत जाणारा सुमारे आठ टन कार्बन डायऑक्साइड. शेजाऱ्यांमधले वैर तिकिटाच्या दरात, वैमानिकांच्या कामाच्या तासांत आणि वातावरणात असे उतरते. शास्त्रज्ञांनी आणि तंत्रज्ञांनी शंभर वर्षे खपून वाचवलेली मिनिटे राजकारण एका आदेशाने परत घेऊ शकते, हे या मार्गाच्या अभ्यासातून स्पष्ट दिसते आणि ते मनाला लागते.

इंधनाबाबत आणखी एक नियम वेळाशी जोडलेला आहे. विमान फक्त लंडनपुरते इंधन घेऊन निघत नाही. वाटेतल्या अनपेक्षित फरकासाठी, हीथ्रोवर उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यासाठी आणि त्यानंतरही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके इंधन त्यात असावेच लागते. हे जादा इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. ही सावधगिरी महाग आहे, पण तिच्यात काटछाट करता येत नाही.

७. जमिनीवरचा वेळ

वेळापत्रकात छापलेला वेळ हवेतल्या वेळापेक्षा मोठा असतो. विमानाच्या चाकांखालचे अडथळे काढल्यापासून मुक्कामी ते पुन्हा लावेपर्यंतचा काळ त्यात धरतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक चालवता येत नाही आणि गर्दीच्या वेळी रांग लागते. हीथ्रोलाही केवळ दोन धावपट्ट्या आहेत. तिथे येणारी विमाने लंडनभोवतीच्या चार ठरलेल्या जागांवर घिरट्या घालत उतरण्याची पाळी येईपर्यंत थांबतात. यात दहा-वीस मिनिटे सहज जातात. विमान कंपन्या हा उशीर गृहीत धरूनच वेळ छापतात.

प्रवाशाचा खरा वेळ याहून मोठा असतो. घरापासून विमानतळ, तीन तास आधीची हजेरी, सुरक्षा तपासणी, उतरल्यावर पारपत्राची रांग, सामान आणि शहरापर्यंतचा रस्ता हे सारे मिळवले, की दहा तासांच्या उड्डाणाचे पंधरा-सोळा तास होतात.

८. घड्याळ आणि शरीर

रेखांशातले १५ अंश म्हणजे एक तास. मुंबईच्या ७२ अंश ५२ मिनिटांना या हिशेबाने ४ तास ५१ मिनिटे येतात, आणि जुना ‘बॉम्बे टाइम’ ग्रिनिचच्या तेवढाच पुढे होता. ८२ अंश ३० मिनिटे रेखांशावर बेतलेली भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत चालत राहिली. आज लंडनशी असलेला फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो, कारण ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे करतात.

हिवाळ्यात दुपारी २ वाजता मुंबईहून निघालेले विमान १० तासांनी लंडनला त्याच संध्याकाळी साडेसहाला पोचते. लंडनहून रात्री ९ ला निघालेले विमान ९ तासांनी मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला उतरते. घड्याळावर एक प्रवास साडेचार तासांचा, तर दुसरा साडेचौदा तासांचा भासतो. दोन्ही आकडे फसवे आहेत. शरीर मात्र खरा हिशेब ठेवते. झोप, भूक आणि शरीराचे तापमान नव्या वेळेशी जुळायला सरासरी एका तासाच्या फरकाला एक दिवस, या बेताने चार-पाच दिवस जातात. माणसाचे आंतरिक घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडे मोठे असल्याने पश्चिमेचा प्रवास, म्हणजे दिवस लांबवणारा प्रवास, बहुतेकांना पूर्वेच्या प्रवासापेक्षा सुसह्य वाटतो.

९. समारोप

कोणत्याही दोन दूरच्या शहरांमधला प्रवास समजून घ्यायचा तर पाच गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात : बृहद्‌वृत्ताचे अंतर, विमानाचा हवेतला वेग, वाऱ्याची दिशा व जोर, खुल्या आकाशांमुळे ठरलेली प्रत्यक्ष वाट आणि जमिनीवर जाणारा वेळ. यांतली पहिली बदलत नाही. दुसरीने १९६० च्या सुमारास आपली व्यवहार्य मर्यादा गाठली. तिसरीचा अंदाज घेता येतो, तिला आवरता येत नाही. मुंबई-लंडन प्रवासात यापुढे वाचू शकणारा वेळ उरला आहे तो शेवटच्या दोन गोष्टींत. चांगल्या धावपट्ट्या, नेटके हवाई नियंत्रण, कमी रांगा आणि शेजारी देशांमध्ये आकाश खुले ठेवण्याइतका समंजसपणा यांतून तो वाचेल. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. त्या साधायच्या तर कारभार नीट हवा आणि करार पाळले जायला हवेत.